ग्रंथालय नक्की कोणाचे? ल्यूवेन विद्यापीठाच्या इमारतीतले चार निर्णय

प्रकरण थोडक्यात

बेल्जियममधल्या ल्यूवेन शहरातले विद्यापीठ ग्रंथालय २६ वर्षांत दोनदा जळाले आणि दोन्ही वेळा पुन्हा उभे राहिले. त्यानंतर तीन दशकांनी, कुठेही काडी न पेटता, ते अर्धे झाले. पहिल्या दोन नुकसानांना युद्ध कारणीभूत होते. तिसरे बैठकांमध्ये ठरले. म्हणून वारसा इमारती आणि संग्रह सांभाळणाऱ्यांनी हे तिसरे नुकसान जास्त बारकाईने पाहायला हवे.

या टिपणात चार निर्णय तपासले आहेत. पहिला जागेचा, दुसरा दर्शनी भागावरच्या मजकुराचा, तिसरा १९४० च्या आगीनंतर तसेच पुन्हा बांधण्याचा आणि चौथा पुस्तकांच्या वाटणीचा. चारही वेळा वाद एकाच गोष्टीवर आला: हे ग्रंथालय कोणाचे? हवे ते पुस्तक वाचकाला कुठे मिळणार, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा शेवटी विचारला गेला. सार्वजनिक जबाबदारीच्या पदांवरील व्यक्ती आणि वास्तुविशारद-शिल्पकार यांचीच नावे दिली आहेत. बाकीच्यांची गाळली आहेत.

पार्श्वभूमी

ल्यूवेनचे विद्यापीठ १४२५ मध्ये पोप पाचवे मार्टिन यांच्या आज्ञापत्राने स्थापन झाले. ग्रंथालयाला स्वतःची जागा मिळाली ती १६३६ मध्ये, नामसेस्त्राट या रस्त्यावरच्या जुन्या कापड-मंडईत. मंडईची ही दगडी इमारत १३१७ मध्ये सुरू झालेली. गावाच्या अगदी पोटात, बाजार, चर्च आणि दाटीवाटीची घरे यांच्यामध्ये ती उभी होती. फ्रेंच राजवटीने १७९७ मध्ये विद्यापीठ बंद केले. १८३० च्या दशकात ते कॅथलिक विद्यापीठ म्हणून पुन्हा सुरू झाले आणि त्यावर बेल्जियमच्या बिशपांचा अधिकार राहिला. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो, कारण वाद पेटला तेव्हा अंतिम शब्द कोणाचा, याचे उत्तर विद्यापीठाच्या आवारात नव्हते.

२५ ऑगस्ट १९१४ च्या रात्री जर्मन सैन्याने शहर पेटवले. सुमारे तीन लाख छापील पुस्तके, शेकडो हस्तलिखिते आणि पंधराव्या शतकातले आरंभीचे मुद्रित ग्रंथ जळाले. शहरात २४८ नागरिक मारले गेले आणि हजाराहून अधिक घरांची राख झाली. सेंट पीटर चर्चचे छप्पर गेले. त्याच्या समोरचे नगरभवन वाचले. रेल्वे स्थानकापासून बाजारापर्यंतचा मुख्य रस्ता दुतर्फा जळाला. युद्धानंतर तो नव्याने बांधला गेला आणि मित्रराष्ट्रांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. स्थानकासमोरच्या चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले. म्हणजे ग्रंथालयाची नवी इमारत ज्या वस्तीत उभी राहणार होती, ती वस्तीही त्याच आगीतून उठत होती. इमारतीवर काय कोरायचे हा वाद नुसता वास्तुरचनेचा राहणे शक्यच नव्हते.

पहिला निर्णय: जुन्या जागी की नव्या?

दोन वाटा होत्या. एक, मंडईच्या उरलेल्या भिंतींवर ग्रंथालय पुन्हा उभारायचे. दोन, मंडई दुरुस्त करून ती विद्यापीठाच्या कारभारासाठी ठेवायची आणि ग्रंथालय दुसरीकडे न्यायचे. दुसरी वाट निवडली गेली. जुन्या जागेपासून चालत काही मिनिटांवर, शहराच्या उंचवट्यावरच्या लोक-चौकाची एक संपूर्ण बाजू नव्या इमारतीने व्यापली. हा चौक आज विद्यापीठाचे तेव्हाचे रेक्टर (कुलगुरू) मोन्सेन्यर लादोझ यांच्या नावाने आणि मागचा चौक पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या हर्बर्ट हूवर यांच्या नावाने ओळखला जातो. आराखडा न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाशी नाव जोडलेले वास्तुविशारद व्हिटनी वॉरन यांचा. पायाचा दगड २८ जुलै १९२१ रोजी बसला आणि उद्घाटन ४ जुलै १९२८ रोजी झाले.

तांत्रिक बाजूने निर्णय योग्य होता. दाट वस्तीत शेजारच्या छपरावरची ठिणगी साठ्यात यायला वेळ लागत नाही. आजूबाजूला मोकळी जागा असलेल्या इमारतीला निदान शेजाऱ्याच्या आगीपासून अंतर मिळते, अग्निशमनाची गाडी चारही बाजूंनी लावता येते आणि वाचनालयाला उजेड मिळतो. शिवाय १४ व्या शतकातल्या मंडईचे जोते आधुनिक ग्रंथसाठ्यासाठी बांधलेले नव्हते. साठ्याच्या जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण ७५० किलो भार धरावा लागतो. कचेरीसाठी त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरतो.

अडचण पैशाच्या आणि पुस्तकांच्या बाजूला होती. नवे ग्रंथालय तीन वेगळ्या प्रवाहांतून भरत गेले. पहिला हक्काचा: पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाच्या २४७ व्या कलमाने जर्मनीवर जबाबदारी टाकली की जळालेल्या संग्रहाच्या संख्येशी आणि मोलाशी जुळतील एवढी हस्तलिखिते, आरंभीचे मुद्रित ग्रंथ, पुस्तके आणि नकाशे विद्यापीठाला द्यावेत. दुसरा वस्तुरूप देणगीचा: मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयाने ब्रिटनभर गोळा करून १९२५ पर्यंत ५५ हजारांहून अधिक खंड पाठवले, तर जपानने हजारो खंडांचा जपानी ग्रंथांचा संग्रह दिला. तिसरा रोख देणगीचा: अमेरिकेतल्या शाळा, महाविद्यालये आणि संस्थांकडून इमारतीसाठी पैसा आला. त्यांची नावे आजही भिंतींच्या दगडांवर वाचता येतात.

हे तीन प्रवाह कागदावर वेगळे असतात. हक्काने आलेल्या पुस्तकाला दात्याची अट नसते. वस्तुरूप देणगीला बहुधा एकत्र ठेवण्याची अपेक्षा चिकटलेली असते. रोख देणगीदाराला इमारतीच्या दर्शनी भागावर बोलण्याचा अधिकार आहे असे वाटू लागते. हा अधिकार किती, हे पहिला हप्ता स्वीकारण्याआधी लिहून घ्यायचे असते. ल्यूवेनमध्ये ते न सुटलेले राहिले, हे पुढच्या भांडणाने दाखवून दिले.

दुसरा निर्णय: कठड्यावरची अक्षरे

वॉरन यांच्या आराखड्यात दर्शनी भागावर, छताच्या कडेला, दगडी कठडा होता. त्या कठड्यात उभ्या खांबांऐवजी मोठी कोरीव अक्षरे बसवायची होती: ‘फुरोरे तेउतोनिको दिरुता, दोनो अमेरिकानो रेस्तितुता’. म्हणजे ‘जर्मन उन्मादाने उद्ध्वस्त, अमेरिकेच्या देणगीने पुन्हा उभी’. बेल्जियमच्या कॅथलिक चर्चचे प्रमुख कार्डिनल मर्सिए यांनी या मजकुराला संमती दिली होती, असे वॉरन सांगत. मर्सिए जानेवारी १९२६ मध्ये वारले. आता ती संमती कोणत्या शब्दांत आणि कशासाठी होती, हे सांगायला संमती देणाराच उरला नव्हता.

दरम्यान काळ बदलला होता. जर्मनी आणि तिचे शेजारी यांच्यातल्या १९२५ च्या लोकार्नो करारानंतर युरोपात समेटाचे वारे होते. अमेरिकेतही देणगीदारांमध्ये दोन तट पडले. वर्गणी अपुरी पडल्यावर काम पुढे नेण्यात हर्बर्ट हूवर यांच्या बेल्जियम मदतकार्यातून आलेल्या पैशाचा मोठा वाटा होता, आणि त्या बाजूला हा मजकूर नको होता. विद्यापीठाचे रेक्टर पॉलँ लादोझ यांनी ठाम भूमिका घेतली: विद्यापीठ ही विद्येची जागा आहे, तिच्या कपाळावर कायमचा राग कोरायचा नाही.

तेव्हाचे पर्याय मांडून पाहू. मूळ मजकूर जसाच्या तसा बसवणे हा पहिला. फक्त दुसरा अर्धा भाग, अमेरिकेच्या देणगीचा, ठेवणे हा दुसरा. मजकूर वेगळ्या पाटीवर आत प्रवेशदालनात लावणे हा तिसरा. काहीच न लिहिता साधे खांब बसवणे हा चौथा. इथे बांधकामाचा एक तपशील निर्णायक ठरतो. अक्षरे दगडावर कोरलेली नव्हती. अक्षरेच कठड्याचे खांब होती. पाटी उतरवता येते, खोदीव मजकूर भरून काढता येतो. इथे मजकूर बदलायचा म्हणजे कठडा बदलायचा. शिवाय ही अक्षरे शिल्पकार पिएर द सूत यांनी घडवून तयार ठेवली होती. त्यामुळे मधल्या वाटा तांत्रिकदृष्ट्याच अरुंद झाल्या आणि भांडण ‘सगळे की काहीच नाही’ इथे येऊन ठेपले.

लादोझ यांनी साधे खांब बसवून घेतले. उद्घाटनानंतर काही दिवसांतच कामावरच्या एका मुकादमाने वर चढून ते खांब हातोड्याने फोडले. शहरात अनेकांची सहानुभूती त्याच्याकडे होती, कारण १९१४ मध्ये जळालेली घरे त्यांची होती. प्रकरण न्यायालयात गेले, वरच्या पायऱ्यांपर्यंत चढले आणि शेवटी विद्यापीठाची बाजू टिकली. आज कठडा साधाच आहे. घडवलेली अक्षरे दिनाँ या गावाला गेली. त्या गावात ऑगस्ट १९१४ मध्ये ६७४ नागरिक मारले गेले होते. १९३६ मध्ये अक्षरे तिथल्या स्मारकात लागली आणि १९४० मध्ये जर्मन सैन्याने ते स्मारक पाडले.

लादोझ यांचा निर्णय बरोबर होता असे आमचे स्पष्ट मत आहे. ग्रंथालयाचा दर्शनी भाग दोनशे वर्षांसाठी असतो, आणि त्यावरचा मजकूर दोनशे वर्षे रोज येणाऱ्या विद्यार्थ्याला वाचावा लागतो. पण निर्णय घेण्याची वेळ चुकली. आराखडा मंजूर होताना जे ठरायला हवे होते, ते दगड घडवून झाल्यावर ठरले. आराखड्यावर सही झाली की शिल्पकाराला काम मिळते, काम झाले की त्याचा कायदेशीर हक्क तयार होतो, आणि मग नकार म्हणजे करारभंग ठरतो की नाही हे ठरवायला न्यायाधीश लागतो. शहरवासीयांच्या रागालाही कुठेतरी जागा द्यायला हवी होती. चौकात, इमारतीपासून वेगळे, मृतांच्या नावांचे स्मारक उभे केले असते तर तो राग कठड्यावर चढला नसता.

तिसरा निर्णय: तसेच पुन्हा बांधणे

मे १९४० मध्ये, शहरासाठीच्या लढाईत, इमारत पुन्हा पेटली. यावेळी सुमारे नऊ लाख खंड गेले. वाचलेले काही हजारांत मोजण्याइतके होते. दोन्ही सैन्यांनी एकमेकांना दोष दिला. ही इमारत तर आधुनिक आणि अग्निरोधक समजली जात होती.

अशा इमारती का फसतात, हे समजून घ्यायला हवे. भिंती दगडाच्या, सांगाडा पोलादाचा, जमिनी न जळणाऱ्या: एवढ्याने इमारत वाचते, साठा वाचत नाही. बहुमजली ग्रंथसाठ्यात जिन्याची पोकळी, पुस्तके वर-खाली नेणारी लिफ्ट आणि मजल्यांमधल्या फटी मिळून चुलीचे धुराडे तयार होते. खालच्या मजल्यावरची आग त्या वाटेने वर चढते. दाबून लावलेली पुस्तके आधी कडांनी जळतात, मग बांधणी सैल होऊन पाने पसरतात आणि ज्वाळेला नवे सरपण मिळते. पोलाद जळत नाही हे खरे, पण साडेपाचशे ते सहाशे अंश सेल्सियसला त्याची निम्मी ताकद जाते. फळ्या वाकतात आणि वरचा मजला खालच्यावर बसतो. उपाय महागडे नाहीत पण कंटाळवाणे आहेत: प्रत्येक मजला वेगळा कोंडता येईल असे दरवाजे, पोकळ्यांना झडपा, विजेच्या तारांचे मार्ग बंद करणे, आणि सर्वांत दुर्मीळ संग्रह त्याच छपराखाली न ठेवणे.

युद्धानंतर पर्याय पुन्हा तेच होते: नवा आराखडा की वॉरन यांचाच? भिंती बऱ्याच उभ्या होत्या, लोकांच्या डोळ्यांत इमारतीचे रूप बसले होते, आणि १९५१ पर्यंत ती जवळपास पहिल्यासारखीच उभी राहिली. चौकासाठी हे चांगले झाले. मनोरा आणि त्यातल्या घंटा हे शहराचे क्षितिज होते. संग्रहासाठी निर्णायक गोष्ट वेगळीच होती: पुस्तके पुन्हा जमवताना दाखलनोंद नव्याने सुरू झाली. म्हणजे १९५० च्या दशकातला संग्रह हा बऱ्याच अंशी एकाच पद्धतीने, एकाच क्रमाने लागलेला, तुलनेने तरुण संग्रह होता. नेमक्या त्याच सलग क्रमाने पुढची वाटणी सोपी केली.

चौथा निर्णय: वाटणी

विद्यापीठात फ्रेंच आणि डच अशा दोन्ही भाषांतून शिक्षण चालत असे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियमची भाषासीमा कायद्याने पक्की झाली आणि ल्यूवेन डचभाषक भागात आले. आता फ्रेंच विभाग या शहरात का, हा प्रश्न रस्त्यावर आला. १३ मे १९६६ रोजी बिशपांनी विद्यापीठ एकच आणि ल्यूवेनमध्येच राहील असे जाहीर केले, आणि आंदोलन भडकले. जानेवारी १९६८ मध्ये फ्रेंच विभागाने ल्यूवेनमध्येच विस्तार करण्याची योजना मांडली. या वादात ७ फेब्रुवारी १९६८ रोजी बेल्जियमचे सरकार कोसळले. मे १९७० च्या कायद्याने दोन स्वतंत्र विद्यापीठे झाली. फ्रेंचभाषक विद्यापीठासाठी साधारण पंचवीस किलोमीटरवर लुव्हाँ-ला-न्यूव्ह हे नवे शहरच वसवले गेले. २ फेब्रुवारी १९७१ रोजी पायाचा दगड बसला आणि शेवटच्या विद्याशाखा १९७९ मध्ये तिकडे पोचल्या. वैद्यकीय विभाग ब्रुसेल्सला गेला. इमारती हलवता येत नाहीत, त्या ल्यूवेनमध्ये राहिल्या. पुस्तके हलवता येतात.

आता ग्रंथपालाच्या खुर्चीत बसून पाहू. वाटणीच्या पाच रीती दिसतात.

भाषेने वाटणी: फ्रेंच पुस्तके त्यांना, डच यांना. ऐकायला न्याय्य वाटते, पण विद्यापीठ ग्रंथालयात लॅटिन, जर्मन आणि इंग्रजीचा वाटा प्रचंड असतो. त्याचे काय करायचे याला उत्तर नाही.

विषयाने वाटणी: कायदा इकडे, गणित तिकडे. पण दोन्ही विद्यापीठांत सगळ्याच विद्याशाखा राहणार होत्या. ज्याच्या वाट्याला विषय आला नाही, त्याचा विभाग पहिल्याच दिवशी आंधळा झाला असता.

उगमाने वाटणी: कोणी, कोणाला, कोणत्या हेतूने दिले ते पाहून. संग्रहाच्या दृष्टीने ही सर्वांत सुज्ञ रीत आहे, पण तिला प्रत्येक पुस्तकाची उगमनोंद लागते आणि वेळ लागतो.

संयुक्त मालकी: पुस्तके आहेत तिथे ठेवून दोघांनी वापरायची. १९६८ च्या वातावरणात हे राजकीयदृष्ट्या अशक्य होते.

आणि पाचवी रीत, जी अमलात आली: मांडणीक्रमांकाने, म्हणजे पुस्तकाची फळीवरची जागा सांगणाऱ्या क्रमांकाने. विषम क्रमांकाची पुस्तके ल्यूवेनला राहिली, सम क्रमांकाची लुव्हाँ-ला-न्यूव्हला गेली.

या रीतीची थट्टा पुष्कळ झाली. ज्ञानकोशांचे एक-एक खंड वेगवेगळ्या गावी गेले असे आजही ऐकवले जाते. ते खरे नाही. ज्ञानकोशाच्या किंवा नियतकालिकाच्या संपूर्ण संचाला एकच मांडणीक्रमांक असतो, म्हणून संच अखंड राहतात. खरे नुकसान त्याहून सूक्ष्म आहे आणि म्हणूनच जास्त खोल आहे. एखाद्या ग्रंथाची पहिली आवृत्ती विषम क्रमांकावर आणि सुधारित दुसरी सम क्रमांकावर असेल तर त्या दोघी वेगळ्या होतात. मूळ ग्रंथ इथे, त्यावरची टीका तिथे. मालिकेतल्या पुस्तकांना स्वतंत्र क्रमांक दिले असतील तर मालिका फुटते. एका दात्याची पुस्तके एका ओळीत लावली असतील तर त्यांची आलटून पालटून दोन ढिगांत विभागणी होते. जपानने दिलेला संग्रह मात्र आज लुव्हाँ-ला-न्यूव्हमध्ये एका ठिकाणी आहे. क्रमांक न पाहता संग्रह म्हणून पाहिले की किती फरक पडतो, हे त्यातून कळते.

संख्येची समता म्हणजे मोलाची समता नव्हे. एका बाजूला सोळाव्या शतकातला भव्य ग्रंथ आणि दुसऱ्या बाजूला चोवीस पानी पत्रिका: मोजणीत दोन्ही एकेक. लाखांच्या संख्येत हा फरक सरासरीने बराच मिटतो, दुर्मीळ विभागात मिटत नाही, कारण तिथे नग थोडे असतात आणि एकेकाचे मोल अतोनात असते.

कामाच्या दृष्टीनेही सम-विषम ही स्वस्त रीत नाही. दहा लाख पुस्तके धरू. मीटरभर फळीवर तीस पुस्तके बसली तर साधारण ३३ किलोमीटर फळ्या होतात. विषयाने वाटणी केली असती तर कपाटांच्या सलग रांगा रिकाम्या झाल्या असत्या. सम-विषम वाटणीत प्रत्येक फळीवरचे एक सोडून एक पुस्तक काढावे लागते. एकही फळी हात न लावता सुटत नाही. काढल्यावर उरलेली पुस्तके कलंडतात, पुठ्ठे वाकतात, म्हणून ती लगेच सरकवून घट्ट लावावी लागतात. म्हणजे जाणारी पुस्तके एकदा हाताळली जातात आणि राहणारीही. भरलेल्या मीटरभर फळीचे वजन तीस-चाळीस किलो असते, यावरून मजुरीचा अंदाज येईल.

आणि तालिका, म्हणजे कोणते पुस्तक कुठे आहे हे सांगणारी सूची. एकच तालिकापत्रांचा संच असताना ग्रंथालय वाटले, तर एका बाजूकडे पुस्तके असतात पण पत्रे नसतात, किंवा पत्रे असतात पण पुस्तके नसतात. चालू नियतकालिकांचे आणखी वेगळे: संच एका गावी गेला, पण वर्गणी पुढे कोणी भरायची? दोघांनीही भरली तर पैसा दुप्पट, एकानेच भरली तर दुसऱ्याकडे जुने अंक आणि पुढे पोकळी.

तरीही या निर्णयाच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. सम-विषम रीतीत पक्षपाताला जागा नव्हती. कोणत्याही समितीला एकेका पुस्तकावर भांडायची सोय राहिली नाही. ज्या शहरात वर्षभर भिंतींवर घोषणा रंगवल्या जात होत्या, तिथे उगमाने वाटणी करायला बसले असते तर काम किती वर्षे अडले असते, हे सांगता येत नाही. काम संपवणे हेच उद्दिष्ट असेल तर रीत योग्य होती. संग्रह टिकवणे हे उद्दिष्ट असेल तर ती चुकीची होती. चूक रीतीच्या निवडीत नव्हती, उद्दिष्टाच्या क्रमात होती.

परिणाम

ल्यूवेनची इमारत आज डचभाषक विद्यापीठाची आहे. मनोरा पाहायला खुला आहे, चौकात शुक्रवारचा बाजार भरतो, परीक्षेच्या दिवसांत मोठे वाचनालय विद्यार्थ्यांनी भरून जाते. संग्रह शहरभर विखुरला: धर्मशास्त्राचे वेगळे ग्रंथालय १९७४ मध्ये झाले, आणि विज्ञान-अभियांत्रिकीचे ग्रंथालय २००२ पासून शहराबाहेरच्या जुन्या मठात आहे. लुव्हाँ-ला-न्यूव्हमध्ये आंद्रे जाकमाँ यांनी रचलेले विज्ञान ग्रंथालय नव्या शहराच्या पहिल्या महत्त्वाच्या इमारतींपैकी एक होते. तिथे २०१७ पासून विद्यापीठाचे संग्रहालय आहे. २०२५ मध्ये दोन्ही विद्यापीठांनी सहाशेवा वर्धापन साजरा केला, आणि त्यातले बरेचसे एकत्र. अभ्यासकाला मात्र आजही १९७० च्या आधीचा संग्रह पाहायचा तर दोन तालिका आणि दोन गावे लागतात.

काय वेगळे करता आले असते

देणगीच्या करारात तीन वाक्ये हवीत: दर्शनी भागावरच्या मजकुराला अंतिम मंजुरी कोणाची, ती केव्हापर्यंत आणि लेखी कोणाला द्यायची. तोंडी संमती ही संमती देणाऱ्यासोबत जाते. मजकूर इमारतीच्या बांधणीत कधीच गुंतवू नये. तो उतरवता येईल अशा पाटीवर असावा, म्हणजे पुढच्या पिढीला भिंत न फोडता मत बदलता येईल.

प्रत्येक पुस्तकाच्या दाखलनोंदीत उगमाचा रकाना पहिल्या दिवसापासून भरावा: खरेदी, भरपाई, देणगी, आणि देणगी असेल तर कोणाची. हा रकाना रिकामा असला की संकटाच्या वेळी हातात फक्त क्रमांक उरतो, आणि मग वाटणी क्रमांकानेच होते.

वाटणी अटळच असेल तर क्रम असा लावता आला असता. आधी संपूर्ण तालिकेची प्रत काढून दोन्ही बाजूंना द्यायची, आणि ती पूर्ण होईपर्यंत एकही पुस्तक हलवायचे नाही. मग दात्यांचे संग्रह आणि दुर्मीळ विभाग बाजूला काढून त्यांचा वेगळा, सावकाश निर्णय घ्यायचा. मग मालिका आणि एकाच ग्रंथाच्या आवृत्त्या एकत्र बांधायच्या. उरलेल्या सामान्य संग्रहाला सम-विषम रीत लावायची. तिथे ती खरोखर निरुपद्रवी आहे. चालू नियतकालिकांसाठी पहिली दहा वर्षे संयुक्त वर्गणी, आणि दोन्ही ग्रंथालयांमध्ये रोज फिरणारी पुस्तकांची गाडी. पंचवीस किलोमीटरचे अंतर आहे. सकाळी मागितलेले पुस्तक दुपारी वाचकाच्या हातात पडायला हरकत नव्हती.

आणि हलवलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या जुन्या जागी, निदान फळीच्या यादीत, ते कुठे गेले याची नोंद राहायला हवी होती: गाव, इमारत, नवा क्रमांक. अशी यादी ठेवायला फळीमागे एक माणूस आणि एक वही पुरते.